संथ नदीवरील कयाक सहल

संथ नदीवरील कयाक सहल म्हणजे वल्ह्याने चालवायच्या लहान, अरुंद नौकेतून, खळाळ नसलेल्या नदीपात्रात काही तासांचा किंवा एक-दोन दिवसांचा केलेला प्रवास. कयाक आणि कनू या दोन्ही नौका अशा प्रवासासाठी वापरल्या जातात. फेसाळत्या पाण्यातील राफ्टिंगच्या तुलनेत हा प्रकार सौम्य असून मुले, ज्येष्ठ आणि नवशिके यांनाही तो जमतो. मात्र नदी संथ आहे याचा अर्थ ती निर्धोक आहे असा होत नाही. संथ नद्यांवरील अपघातांमागे बहुधा धरणातून अचानक आलेले पाणी, वाटेतील बंधारा, फिरलेला वारा किंवा अंगात नसलेले लाइफ जॅकेट ही कारणे असतात. यांपैकी बहुतेक गोष्टी निघण्यापूर्वीच कळू शकतात. म्हणून अशा सहलीत वल्हवण्याच्या कौशल्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व काठावर केलेल्या नियोजनाला असते.

नौकांचे प्रकार

कयाक ही मूळची आर्क्टिक प्रदेशातील इनुइट लोकांची शिकारीची नौका. लाकूड किंवा हाडे यांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती बनवीत. कयाकमध्ये पाय पुढे पसरून बसतात व दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे आलटून पालटून दोन्ही बाजूंनी मारतात. कनू वरून उघडी असते. तिच्यात गुडघ्यावर किंवा आडव्या फळीवर बसतात आणि एकाच पात्याचे वल्हे वापरतात. कनू हा शब्द कॅरिबियन बेटांवरील भाषेतून स्पॅनिशमार्गे युरोपात पोहोचला. कोकणात एकाच खोडातून कोरलेली डोणी हीही याच कुळातील म्हणता येईल. दोन्ही प्रकारांच्या शर्यती १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकपासून अधिकृतपणे खेळल्या जातात.

सहलीसाठी भाड्याने मिळणाऱ्या नौका बहुतेक वेळा प्लॅस्टिकच्या, वर बसण्याच्या कयाक असतात. त्यांचा पृष्ठभाग बंद असल्याने उलटल्या तरी त्या पाण्याने भरत नाहीत व नवशिक्याला पुन्हा वर चढता येते. आत बसण्याच्या कयाक अधिक वेगवान असतात, पण उलटल्यास त्यांत पाणी शिरते. म्हणून अशा नौकेच्या दोन्ही टोकांना बंद कप्पे किंवा हवेच्या पिशव्या आहेत का, हे पाहून घ्यावे लागते. हवा भरून फुगवायच्या स्वस्त नौका वाऱ्यावर सहज भरकटतात. खडक, बाभळीचे काटे आणि तुटक्या तारा असलेल्या नदीपात्रांत त्या फाटण्याचाही धोका असतो.

संथपणाचे स्वरूप

नद्यांच्या अवघडपणासाठी १ ते ६ अशी आंतरराष्ट्रीय श्रेणी वापरली जाते. १ म्हणजे किरकोळ लाटा, तर ६ म्हणजे जवळजवळ अशक्य प्रवाह. संथ पाणी या श्रेणीच्या तळाशी किंवा तिच्याही खाली येते. मात्र ही श्रेणी त्या विशिष्ट दिवशीच्या पाण्याची पातळी गृहीत धरते, हे अनेकदा विसरले जाते. पातळी वाढली की तीच जागा वरच्या श्रेणीत जाते.

याखेरीज, महाराष्ट्रातील पठारी नद्यांचा संथपणा पुष्कळ ठिकाणी नैसर्गिक नसतो. पावसाळा संपल्यावर यांतील बहुतेक नद्यांना स्वतःचे पाणी फारसे उरत नाही. हिवाळ्यात व उन्हाळ्यात पात्रात जे स्थिर, आरशासारखे पाणी दिसते, ते बहुधा खालच्या अंगाला असलेल्या बंधाऱ्याने अडवलेले असते आणि वरच्या अंगाच्या धरणातून सोडलेले असते. म्हणजे ज्या बांधकामांमुळे ही सहल शक्य होते, तीच तिच्यातील मुख्य धोक्याची ठिकाणे ठरतात. नियोजनाची सुरुवात म्हणून ‘हे पाणी इथे कशामुळे थांबले आहे आणि ते कुठून येते’ या प्रश्नापासून करणे योग्य ठरते.

बंधारे

वाटेतील बंधारा हा संथ नदीवरील सर्वांत फसवा धोका मानला जातो. नौकेत बसलेल्या माणसाचे डोळे पाण्यापासून जेमतेम पाऊण मीटर उंचीवर असतात. वरच्या अंगाने येताना त्याला बंधारा दिसत नाही. पाणी एका सरळ आडव्या रेषेपाशी संपल्यासारखे भासते आणि पलीकडे एकदम दूरची झाडे दिसतात. त्या रेषेजवळ प्रवाहाचा वेग वाढू लागतो, तोपर्यंत माघारी फिरण्याची वेळ कित्येकदा टळून गेलेली असते.

बंधाऱ्यावरून पडणारे पाणी पायथ्याशी खोल जाते आणि तेथून पृष्ठभागावर येऊन पुन्हा बंधाऱ्याकडेच वळते. या उलट्या वळशात सापडलेली वस्तू पुनःपुन्हा पडत्या पाण्याखाली ओढली जाते. लाइफ जॅकेट घातलेला, पट्टीचा पोहणारा माणूसही त्यातून सुटेलच याची खात्री नसते, आणि त्याला वाचवण्यासाठी जाणाराही त्यातच अडकतो. बंधारा बुटका असल्यामुळे हा धोका कमी होत नाही. पाणी बंधाऱ्याच्या पूर्ण रुंदीवरून सारखे पडत असेल, तर वळसाही काठापासून काठापर्यंत अखंड असतो व बाहेर पडण्यास फट राहत नाही.

वेल्समधील हॅव्हरफर्डवेस्ट या गावी ३० ऑक्टोबर २०२१ रोजी पॅडलबोर्डवरून निघालेला एक गट पश्चिम क्लेडाऊ नदीवरील गावातल्याच बंधाऱ्यावर आला. पावसाने नदीला पाणी चढलेले होते. या दुर्घटनेत चार जणांचा मृत्यू झाला. सहभागी झालेल्यांना बंधाऱ्याची पुरेशी पूर्वकल्पना देण्यात आलेली नव्हती, असे चौकशीत आढळले. सहलीच्या संयोजकाला २०२५ मध्ये न्यायालयाने कारावासाची शिक्षा सुनावली. पॅडलबोर्ड आणि कयाक ही साधने वेगळी असली तरी बंधाऱ्याचे पाणी दोहोंना सारखेच वागवते. नोंद घेण्याजोगी बाब ही, की हा बंधारा कोणत्याही दुर्गम खोऱ्यात नव्हता. तो काठावरून चालत जाऊन पाहता येण्यासारखा होता.

महाराष्ट्रात पंचगंगा, कृष्णा, भीमा आणि त्यांच्या उपनद्यांवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे मोठ्या संख्येने आहेत. या बंधाऱ्यात दगडी किंवा काँक्रीटचे खांब ठरावीक अंतरावर उभे असतात आणि त्यांमधील गाळ्यांत लाकडी किंवा लोखंडी फळ्या, म्हणजे बरगे, बसवून पाणी अडवले जाते. पावसाळ्यापूर्वी बरगे काढतात व पावसाळा संपताना, साधारणतः ऑक्टोबरच्या सुमारास, पुन्हा घालतात. सहलीच्या दृष्टीने या बंधाऱ्याच्या तीन वेगवेगळ्या अवस्था लक्षात घ्याव्या लागतात. बरगे पूर्ण बसवलेले असताना वरच्या बाजूला खोल, स्थिर पाणी असते. पण बरग्यांमधील फटींतून जोराने पाणी जाते व तेथे ओढ निर्माण होते. काही बरगे काढून खालच्या गावांसाठी पाणी सोडलेले असताना उघड्या गाळ्याकडे सगळा प्रवाह धाव घेतो. बरगे पूर्ण काढलेले असताना खांबांमधून मार्ग मोकळा दिसतो, मात्र तेथे अडकलेली झुडपे, ओंडके आणि आडवी होऊन खांबाला चिकटणारी नौका हे धोके राहतातच. तिन्ही अवस्थांत नौका गाळ्यातून नेण्याचा मोह टाळावा, असाच अनुभवी नाविकांचा सल्ला असतो.

बंधारा ओलांडण्याची सुरक्षित रीत एकच आहे. बराच आधी काठाला लागावे, नौका उचलून बंधाऱ्याच्या खाली न्यावी आणि पायथ्याच्या वळशापासून पुरेशा अंतरावर पुन्हा पाण्यात सोडावी. उतरण्याची ही जागा आदल्या दिवशी काठावरून पाहून ठरवतात आणि पुलाचा खांब, देऊळ, मोठे झाड अशी पाण्यातून ओळखू येणारी खूण टिपून ठेवतात. नकाशावर बंधारा सापडला नाही म्हणजे तो नाही असे मानता येत नाही. उपग्रह छायाचित्रात पात्राला आडवी गेलेली सरळ रेषा आणि तिच्या दोन बाजूंच्या पाण्याच्या रंगातील फरक यांवरून तो बहुधा ओळखता येतो.

धरणातील विसर्ग

धरणातून नदीत सोडल्या जाणाऱ्या पाण्याला विसर्ग म्हणतात. महाराष्ट्रात तो क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी जाते या मापात, जाहीर केला जातो. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर. बातमीतील आकडा प्रत्यक्ष नदीत काय करील, याचा अंदाज साध्या गुणाकाराने येतो. पात्र ३० मीटर रुंद, सरासरी १ मीटर खोल आणि प्रवाहाचा वेग सेकंदाला अर्धा मीटर असेल, तर त्या नदीतून सेकंदाला १५ घनमीटर, म्हणजे सुमारे ५३० क्युसेक पाणी वाहत असते. अशा नदीत आणखी २,००० क्युसेक सोडले गेले, तर प्रवाह जवळजवळ पाचपट होतो. पाण्याची खोली व वेग दोन्ही वाढतात. वाहत्या पाण्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने वेग दुप्पट झाला की अडकलेल्या नौकेवरील जोर चौपट होतो.

हे पाणी पावसाचेच असते असे नाही. उन्हाळ्यात शेतीसाठी आवर्तन सोडले जाते, तेव्हा आकाश निरभ्र असतानाही नदी चढते. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे जलाशय भरला की पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात. पुण्यात खडकवासल्याचा विसर्ग वाढला की मुठेवरील भिडे पूल पाण्याखाली जातो, हे शहरातील लोकांना चांगलेच परिचित आहे. त्या वेळी शहरात पाऊस पडत असेलच असे नाही.

कोकणातील दोन नद्यांची गोष्ट निराळी आहे. कुंडलिकेला भिरा येथील जलविद्युत केंद्रातून बाहेर पडणारे पाणी मिळते. हे पाणी मूळचे घाटमाथ्यावरील मुळशी जलाशयाचे. मुळशी सत्याग्रहामुळे ज्या धरणाचे नाव महाराष्ट्रभर झाले, तेच हे धरण. वाशिष्ठीला अशाच रीतीने कोयना प्रकल्पाचे पाणी मिळते. त्यामुळे भर उन्हाळ्यातही या नद्या वाहत्या असतात. पण त्यांचे चढउतार हवामानावर कमी आणि विजेच्या मागणीवर अधिक अवलंबून असतात. कोलाडचे प्रसिद्ध राफ्टिंग साधारणतः सकाळी येणाऱ्या अशा पाण्यावरच चालते. याच नदीच्या खालच्या भागात संथ पाण्यातील कयाक सहली होतात. सकाळी गुडघाभर असलेली जागा थोड्या वेळाने तशीच राहील, हे तेथे गृहीत धरता येत नाही.

विसर्गामुळे काय घडू शकते, याचे ठळक उदाहरण हिमाचल प्रदेशातील आहे. ८ जून २०१४ रोजी मंडी जिल्ह्यात बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. ते कोणत्याही नौकेत नव्हते. उथळ पात्रातील खडकांवर उभे होते. कयाक सहलीत दुपारच्या जेवणासाठी किंवा मुक्कामासाठी निवडली जाणारी वाळूची बेटे आणि खडक नेमक्या अशाच जागा असतात. यावरून एक सोपा नियम निघतो. थांबायचे ते काठावर, मागच्या पुराच्या काडीकचऱ्याच्या रेषेच्या वर. पात्रातील बेटावर थांबायचे नाही आणि नौकाही पाण्याच्या कडेला न बांधता सोडायची नाही.

विसर्गाची माहिती जलसंपदा विभागाच्या स्थानिक शाखा कार्यालयात, जिल्हा प्रशासनाच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात आणि गावच्या ग्रामपंचायतीत मिळू शकते. सोडलेले पाणी खाली पोहोचण्यास वेळ लागतो. पाण्याची चाल ताशी ५ किलोमीटर धरली, तर २० किलोमीटर खालच्या गावी ते चार तासांनी येते. त्यामुळे ‘आता सोडत आहेत का’ एवढेच विचारून भागत नाही. ‘पहाटेपासून काय सोडले’ हेही विचारावे लागते. नदीवर असताना पाणी एकाएकी गढूळ होणे, पाचोळा व फेस वाहून येणे, काठावरचे ओले-कोरडे पट्टे दिसेनासे होणे आणि वरच्या अंगाने घरघर ऐकू येणे ही पाणी वाढत असल्याची लक्षणे होत. अशा वेळी प्रवास पूर्ण करण्याचा विचार न करता जवळच्या काठावर चढणे इष्ट असते.

खाडीचे पाणी

समुद्राजवळ नदीची खाडी होते आणि तेथे प्रवाहाची दिशा दिवसातून चार वेळा बदलते. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, त्यामुळे भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते. कोकणच्या किनाऱ्यावर यासाठी एक जुना ठोकताळा वापरतात. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. पंचमीला पावणेचारच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास भरती पूर्ण होते. हा हिशेब किनाऱ्यापुरता व ढोबळ आहे. खाडीत जसजसे आत जावे, तसतशी भरती उशिरा पोहोचते. नेमक्या वेळेसाठी त्या बंदराचे भरती-ओहोटीचे कोष्टक पाहावे लागते.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाच्या भरतीत पाण्याचा जोर सर्वाधिक असतो, तर अष्टमीच्या आसपास भांगाच्या दिवसांत तो कमी असतो. नवशिक्यांच्या सहलीसाठी भांगाचे दिवस बरे. वेळ अशी निवडतात की परतीचा प्रवास प्रवाहाबरोबर होईल. ओहोटीच्या उत्तरार्धात मुखाकडे जाणे मात्र टाळतात. थकलेल्या नाविकाला त्या वेळी पाणी समुद्राकडे नेत असते, आणि काठाला लागावे तर मधे कमरेएवढा चिखल उघडा पडलेला असतो.

ऋतू, वारा आणि वीज

महाराष्ट्र व गोव्यात अशा सहलींसाठी ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत अनुकूल. पावसाळ्यात, विशेषतः जून ते सप्टेंबर, नद्यांवर हौशी सहल काढू नये. एप्रिल-मे महिन्यांत उष्माघाताचा धोका असतोच. त्याहून मोठा धोका दुपारनंतर उठणाऱ्या वळवाच्या वादळाचा असतो. सकाळी काचेसारखा असलेला जलाशय अर्ध्या तासात खवळू शकतो. २१ मे २०२४ रोजी भीमा नदीवरील उजनी जलाशयात कुगाव ते कळाशी या जलमार्गावर वादळी वाऱ्याने प्रवासी बोट उलटून ६ जणांचा मृत्यू झाला. तेथे पाण्याला धार नव्हती, खडक नव्हते. वारा आणि विस्तीर्ण पाणी एवढेच पुरेसे ठरले.

ताशी १२ ते १९ किलोमीटर वाऱ्यात पाण्यावर अधूनमधून पांढरे तुरे दिसू लागतात. नवशिक्यांच्या गटाने ही मर्यादा समजावी. समोरून येणारा वारा नौकेचा वेग निम्म्यावर आणू शकतो. मोठ्या जलाशयात मधोमध न जाता काठाकाठाने जाण्याची पद्धत यासाठीच आहे. भारतीय हवामान विभागाचे पिवळे, नारिंगी व लाल इशारे आदल्या दिवशी पाहिले जातात. विजांच्या पूर्वसूचनेसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने विकसित केलेले ‘दामिनी’ हे मोबाइल उपयोजन उपलब्ध आहे. ढगांचा गडगडाट ऐकू आला की पाण्यातून बाहेर यावे, पण एकट्या उंच झाडाखाली आसरा घेऊ नये.

अंतर व वेळेचा हिशेब

संथ पाण्यात सराव असलेला नाविक ताशी ५ किलोमीटरच्या आसपास जातो. नवशिक्यांचा मिश्र गट ताशी ३ किलोमीटर गेला तरी ठीक मानावे. गटाचा वेग हा सर्वांत सावकाश नौकेचा वेग असतो. बारा किलोमीटरच्या मार्गाला या हिशेबाने ४ तास लागतात. वाटेत दोन बंधारे असल्यास नौका उचलून नेण्यासाठी प्रत्येकी अर्धा तास, जेवण व विश्रांतीसाठी एक तास धरल्यास ६ तास होतात. त्यावर अनपेक्षित खोळंब्यासाठी चौथा हिस्सा वेळ राखून ठेवला, तर एकूण साडेसात तास. सकाळी ८ वाजता निघालेला गट दुपारी साडेतीनला पोहोचेल. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो हे लक्षात घेता एवढी सवड आवश्यकच आहे. वेळ उरत नसेल, तर अंतर कमी करणे हा त्यावरील उपाय. उशिरापर्यंत वल्हवणे नव्हे. मार्गावर मधेच बाहेर पडता येईल आणि वाहन पोहोचू शकेल, असा किमान एखादा घाट किंवा पूल हेरून ठेवतात.

स्थानिक माहिती

नकाशा जे सांगत नाही ते नदीकाठची माणसे सांगतात. मासेमारी करणारे कोळी व भोई, होडी चालवणारे नावाडी आणि पाणी उपसणारे शेतकरी यांना डोह कुठे आहे, कोणत्या वळणावर झाड पडले आहे, रात्री जाळी कुठे लावली जातात हे ठाऊक असते. शेतीच्या मोटारींचे पाइप, दोरखंड, पाण्यावर लोंबणाऱ्या विजेच्या तारा आणि पाणीपुरवठ्याच्या जॅकवेल यांच्याजवळ जाणे धोक्याचे असते. वाळूउपशामुळे पात्रात पडलेले खोल खड्डे वरून दिसत नाहीत. म्हणून उथळ वाटणाऱ्या पाण्यातही लाइफ जॅकेटशिवाय उतरू नये.

जलपर्णीचा गालिचा हा आणखी एक अडथळा आहे. वाऱ्याबरोबर तो सरकतो आणि सकाळी मोकळा असलेला मार्ग दुपारी बंद करतो. त्यात नौका शिरली तर वल्हे रुतते व पडलेल्या माणसाला पोहता येत नाही. सांगली परिसरात कृष्णेत आणि चिपळूणजवळ वाशिष्ठीत मगरींचे वास्तव्य आहे. हिवाळ्यात त्या ऊन खाण्यासाठी काठावर येतात. मगर वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. तिच्या जवळ जाऊन छायाचित्र काढण्याचा प्रयत्न तिच्याही आणि माणसाच्याही हिताचा नसतो. अशा पट्ट्यात सहल काढावी की नाही, हे वनविभागाला विचारूनच ठरवावे. शहरांखालच्या नद्यांत सांडपाणी मिसळलेले असते. अंगावर जखम असल्यास लेप्टोस्पायरोसिससारख्या संसर्गाची शक्यता असते. ते पाणी दिसायला संथ व स्वच्छ असले, तरी तोंडात जाऊ देण्यायोग्य नसते.

लाइफ जॅकेट व इतर साधने

साधनांची यादी कितीही लांबवता येईल, पण तिच्यातील पहिली वस्तू आणि उरलेल्या सगळ्या यांत मोठे अंतर आहे. लाइफ जॅकेट नौकेत ठेवण्यासाठी नसून अंगात घालण्यासाठी असते. नौका उलटल्यावर ते पाण्यात घालणे जवळजवळ अशक्य होते. उकाड्यामुळे ते काढून पाठीमागे बांधण्याची सवय भारतात सर्रास दिसते व तीच घातक ठरते. कयाकसाठी साधारणतः ५० न्यूटन उत्प्लावकतेचे, हातांना मोकळीक देणारे जाकीट वापरतात. ते शुद्धीवर असलेल्या, पोहता येणाऱ्या माणसाला तरंगत ठेवते, पण बेशुद्ध माणसाचा चेहरा वर करीलच असे नाही. पोहता न येणाऱ्यांसाठी १०० न्यूटन किंवा अधिक क्षमतेचे जाकीट योग्य. माप पाहण्यासाठी सगळे पट्टे आवळून खांद्यांपाशी जाकीट वर ओढतात. ते हनुवटीच्या वर सरकले तर सैल आहे. मुलांना मोठ्यांचे जाकीट चालत नाही.

त्याखालोखाल शिट्टी, फेकण्याची १५ ते २० मीटर दोरी, गटात एक जादा वल्हे, प्रथमोपचार पेटी, जलरोधक पिशवीत मोबाइल, टोपी आणि माणशी किमान दोन-तीन लिटर पिण्याचे पाणी लागते. पायांत पट्ट्याचे, न निसटणारे बूट असावेत. दोरी नौकेला किंवा अंगाला बांधून ठेवू नये. सैल दोरी पाण्यात फासासारखी गुंतते.

गट आणि काठावरचा माणूस

किमान तीन नौका असाव्यात, असा संकेत आहे. एकावर प्रसंग आला तर दुसरा त्याच्यापाशी थांबतो आणि तिसरा मदत आणतो. सर्वांत पुढे मार्ग जाणणारा व सर्वांत शेवटी बचावाचा सराव असलेला, अशी रांग ठेवतात. पुढच्याला कोणी ओलांडत नाही आणि शेवटच्याच्या मागे कोणी राहत नाही. शिट्टीचे तीन लागोपाठ आवाज म्हणजे संकट, हे निघण्यापूर्वीच ठरवून घेतले जाते. पोहता येते का, आजार कोणते, औषधे कोणती, याची विचारणा प्रत्येकाकडे करावी लागते. संकोचाने लोक ‘येते थोडेफार’ असे सांगतात. म्हणून निघण्याच्या जागी कमरेएवढ्या पाण्यात एकदा नौका उलटून पाहण्याचा सराव घेणे अधिक विश्वासार्ह ठरते. मद्यपान केलेल्या व्यक्तीला नौकेत बसू दिले जात नाही.

सहलीचा आराखडा काठावर राहणाऱ्या एका जबाबदार व्यक्तीकडे लेखी दिला जातो. त्यात गटातील नावे, नौकांचे रंग, निघण्याची व पोहोचण्याची ठिकाणे, मधले घाट आणि पोहोचण्याची वेळ असते. त्याशिवाय एक निर्वाणीची वेळ ठरवलेली असते. या वेळेपर्यंत निरोप आला नाही, तर त्या व्यक्तीने वाट न पाहता ११२ या आपत्कालीन क्रमांकावर कळवायचे असते. ही वेळ न ठरवल्यास घरचे लोक ‘येतील एवढ्यात’ म्हणत अंधार पडेपर्यंत थांबतात आणि शोधाचे तास वाया जातात.

नौका उलटल्यास

संथ पाण्यात उलटणे ही किरकोळ घटना असू शकते. नौका सोडून काठाकडे पोहत जाण्यापेक्षा तिला धरून राहणे बहुधा अधिक सुरक्षित असते, कारण नौका तरंगते आणि दुरून दिसते. प्रवाह असेल तर नौकेच्या वरच्या अंगाला राहावे. खालच्या अंगाला राहिल्यास नौका व अडथळा यांमध्ये चिरडले जाण्याची भीती असते. धार लागल्यास पाठीवर पडून, पाय पुढे व पृष्ठभागाजवळ ठेवून तिरकस काठाकडे सरकतात. गुडघ्यापेक्षा खोल वाहत्या पाण्यात उभे राहण्याचा प्रयत्न करू नये. पाय दगडांच्या फटीत अडकला की प्रवाह शरीराला पुढे ढकलून पाण्याखाली दाबतो.

पडलेल्या झाडाच्या फांद्यांतून पाणी जाते, माणूस जात नाही. नौका अशा झाडावर जाऊ लागलीच, तर अंग त्याच्याकडे झुकवावे. घाबरून उलट बाजूला झुकल्यास वरून येणारे पाणी नौकेत शिरते व ती उलटते. धरून राहिल्याने नौका झाडाकडे किंवा बंधाऱ्याकडे जात असेल, तर मात्र ती तत्काळ सोडावी.

दुसऱ्याला वाचवताना क्रम ठरलेला आहे. आधी हाक मारून त्याला काय करायचे ते सांगणे, मग वल्हे किंवा काठी पुढे करणे, मग दोरी फेकणे, मग नौका जवळ नेणे. स्वतः पाण्यात उडी घेणे हा मार्ग प्रशिक्षित व्यक्तीनेच पत्करावा. भारतात एकाला वाचवायला उतरलेले दुसरे, तिसरे बुडाल्याच्या बातम्या वारंवार येतात. पाण्यातून काढलेली व्यक्ती श्वास घेत नसेल, तर पोटातील पाणी काढण्यात वेळ न दवडता कृत्रिम श्वासोच्छ्वास व छातीवरील दाब सुरू करतात आणि १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका मागवतात. नाकातोंडात पाणी गेलेली व्यक्ती सावरलेली दिसली, तरी खोकला किंवा धाप राहिल्यास तिला रुग्णालयात नेतात, कारण फुप्फुसांचा त्रास काही तासांनीही वाढू शकतो.